चुकीची सही

लीड्सच्या दुकानात ऑरमरॉडनं तबकडी उजेडात तिरकी धरली,
मासळी घेणाऱ्या बाईनं कल्ले बघावेत तशी.
ओरखडा नाही. कव्हराचे कोपरे शाबूत.
सन एकसष्ट. हिरव्या धुक्याचा एक सिनेमा,
तीन आठवडेसुद्धा न चाललेला,
आणि त्यात वाद्य म्हणून एकही नाही.
नुसते ऑसिलेटर, फिती,
आणि कुणीतरी मापात कापलेली शांतता.

"सही मात्र चुकीची," तो म्हणाला.
"संगीतकाराची नाही ही. कोण ही ई. ॲपलव्हाइट?
कव्हरावर असलं नावच नाही.
कोरी असती तर चाळीस पौंड. आता पंधराला ने."

मी डॉनकास्टरला चष्म्याची भिंगं घासतो.
माझ्याकडं अशा एकतीस आहेत, सगळ्या सहीच्या,
सगळ्या त्या दिवसांतल्या
जेव्हा यंत्रं नुकती तोंड उघडायला लागली होती
आणि सिनेमावाले त्यांना फक्त भुताखेतांची कामं द्यायचे.
बायको म्हणते, तू हे लावलंस की दूध नासतं.

ग्रिम्सबीत ॲपलव्हाइट सहा निघाले.
पाचवा म्हणाला, एनिड मावशी असेल,
चर्चच्या मागं, लाल दार, जोरात ठोका.

शहाऐंशी वर्षं. डाव्या अंगठ्यावर एक बारीक खाच,
वस्तऱ्याच्या पात्यानं साठ वर्षांपूर्वी पाडलेली.
"मी काही संगीत केलं नाही हो,
मी कापायचे आणि चिकटवायचे.
पंधरा इंच फीत म्हणजे एक सेकंद."
मग टेबलावर हात पसरून तिनं मला
दचकणं मोजून दाखवलं:
पावणेदोन वीत.
त्याहून लांब झालं की लोक हसतात.

मी पेटीतलं छोटं प्लेअर बरोबर नेलं होतं.
दुसरी बाजू, तिसरा तुकडा,
जिथं धुक्यातलं ते काहीतरी पहिल्यांदा जवळ येतं.
खोलीभर ते पसरलं, कपाटातल्या बशा किणकिणल्या.
"ओळखा."
समुद्र? मी म्हणालो. पंप? बोटीचं इंजिन?

"बाबा."

हेरिंग धुरावायच्या भट्टीवर उभी हयात,
छातीत धूरच धूर.
स्टुडिओतलं यंत्र बाबागाडीत घालून,
वर दुपटं टाकून, तिनं गावी आणलेलं.
रविवारी जेवून ते आडवे झाले तेव्हा
दाराच्या फटीतून माइक आत सरकवला,
मग वेग अर्धा केला, आणि अर्ध्याचाही अर्धा.
"पुढं फ्रीमन स्ट्रीटवर लागला सिनेमा, आम्ही सगळे गेलो.
आपल्याच श्वासाला घाबरून त्यांनी टोपी तोंडावर ओढली."
ती इतकी हसली की चहा सांडला.
"नंतर अकरा वर्षं जगले.
कुणीच सांगितलं नाही त्यांना."

थोड्या वेळानं तिनं विचारलं,
तुमच्याकडं अशा आवाजाला काय म्हणतात?

घरघर, मी म्हणालो.

तिनं म्हणून पाहिलं. घ तिला उचलेना, गर-गर झालं.
माणसाला घरघर लागते ती केव्हा,
ते मी बोललो नाही.
एवढंच सांगितलं की ह्या शब्दात
घर दोनदा येतं.

निघताना तिनं जुन्या सहीखाली पुन्हा सही केली.
हात हलला, ई-ची शेपटी भलतीकडं गेली.
दोन्ही सह्या एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत.
ऑरमरॉड बघेल आणि म्हणेल, आता तर पाच पौंड.

रात्री घरी आल्यावर, दमलो होतो तरी,
दुसरी बाजू लावली, आवाज अगदी लहान ठेवून.
बायको ओले हात पुसत दारापर्यंत आली,
थांबली,
आणि हळू आवाजात म्हणाली,
कोण झोपलंय?